मधमाश्या माणसावर सोडता येतात का?

प्रश्न : 'द डेडली बीज' हा साठच्या दशकातला ब्रिटिश भयपट पाहिला. त्यात मधमाश्यांकरवी खून होतात. असं शक्य आहे का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लेखक एच. एफ. हर्ड यांच्या 1941 च्या कादंबरीवरचा हा चित्रपट. त्यातलं वासाने माश्यांना माणसावर चवताळवण्याचं सूत्र अगदीच खोटं नाही. माशी डसली की नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या त्यावर चवताळून येतात. म्हणून नांगी नखाने खरवडून लगेच काढायची. पण हेरून एकाच माणसावर सोडणं? छे! पाटगावात मी सातेरी या पाळता येणाऱ्या मधमाशीच्या पेट्या सांभाळतो. धूर दिला की बिचारी मध पिऊन गप्प बसते. जपायचं ते आग्या मोहोळाला. त्याच्याखाली शेकोटी नको, दगड तर नकोच नको. उठलंच, तर हात न झटकता तोंड झाकून पळा.