उत्तर: सासूबाईंची कावीळ, सगळे हिपॅटायटिस निगेटिव्ह – काढ्याबद्दल डॉक्टरांना सांगितलंत का?

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सासूबाई 58 वर्षांच्या, तीन आठवडे डोळे पिवळे, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 800 च्या वर, हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह, दारूचा प्रश्नच नाही. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "सकाळचा तुळस-गुळवेलाचा काढा तेवढा चालू ठेवलाय, लिव्हरला चांगला म्हणून." त्या ओळीवर मी थांबले. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं.

मी डॉक्टर नाही. खाली लिहिते तो एका घराचा अनुभव आणि त्यानंतर केलेलं वाचन आहे. तुमच्या सासूबाईंना तेच झालंय असं मी म्हणूच शकत नाही. पण काढा आजपासून बंद करा आणि उद्या सकाळी डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढं मात्र अगदी ठामपणे सांगते.

2020 च्या दसऱ्यानंतर आईने गुळवेल सुरू केली. परसातल्या कडुनिंबावर चढलेला वेल, रोज वीतभर कांडं ठेचून उकळायचं. कोरोनाचे दिवस होते, घरोघरी हेच चाललं होतं. डिसेंबरच्या मध्यावर लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, मग डोळे पिवळे. म्हणजे साधारण 52 दिवस. हे अंतरच फसवतं. खाल्लं आणि लगेच उलटी झाली तर माणूस दोन आणि दोन जोडतो, दीड-दोन महिन्यांनी कोणी जोडत नाही.

आता माझी चूक. दवाखान्यात भरती करताना फॉर्मवर "चालू औषधे" असा रकाना होता. मी थायरॉईडची गोळी लिहिली आणि सही केली. डॉक्टरांनी वेगळं विचारलं, "आयुर्वेदिक वगैरे काही?" मी म्हटलं, नाही. खोटं बोलत नव्हते. आमच्या घरात आयुर्वेदिक औषध म्हणजे वैद्यांकडून आणलेली बाटली किंवा पुडी. काढा हा चहासारखा, स्वयंपाकघरातला. शिवाय मी रोज सकाळी थर्मासमधून तोच काढा वॉर्डात नेत होते. घरी काविळीचं पथ्य इतकं कडक की हळद बंद, फोडणी बंद, आणि थर्मास मात्र भरलेला. असे 19 दिवस गेले. त्यातच मावशीने भुईआवळा पाठवला, तोही दिला, त्यामुळे नंतर कोणतं काय कधी सुरू झालं याचा हिशेब लावणं अवघड झालं.

शेवटी एका सिस्टरनी थर्मासचं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "हे काय देता रोज?" काढा त्या दिवशी थांबला. तेव्हा एसजीपीटी 940 होता, बारा दिवसांनी 380. मग उतरणं अडखळलं, बायोप्सी झाली, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करण्यासारखं चित्र दिसलं, आणि काही महिने स्टेरॉइड घ्यावं लागलं. आई आज बरी आहे. ते 19 दिवस मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

नंतर कळलं की आम्ही एकटे नव्हतो. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मधल्या अशा सहा रुग्णांची नोंद यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: रुग्णांनी नक्की कोणती वनस्पती घेतली ते तपासलेलं नाही, गुळवेल समजून दुसरंच काही घेतलं असेल. हा आक्षेप मला अगदीच गैर वाटत नाही. पुढे 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला, त्यात काढा सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक (निम्म्या रुग्णांना याआधी, निम्म्यांना यानंतर) 46 दिवस होता. बऱ्याच जणांच्या रक्तात ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या, अँटिबॉडी सापडल्या. म्हणून थायरॉईड, संधिवात असं काही सासूबाईंना असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वनस्पतीचं म्हणाल तर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची जुळी दिसणारी बहीण. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. तुमच्याकडचं कांडं फेकू नका. कागदी पिशवीत ठेवा (प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते), खोडाचा आणि पानाचा फोटो काढा.

डॉक्टर हे ठरवतात ते अंदाजाने नव्हे. रुकाम नावाची गुणपद्धत आहे. घेणं सुरू केल्यापासून 5 ते 90 दिवसांत त्रास झाला तर गुण, बंद केल्यावर 8 दिवसांत एसजीपीटी निम्म्याहून खाली आला तर 3 गुण, 30 दिवसांत आला तर 2, इतर कारणं वगळली की आणखी. सगळं तारखांवर उभं आहे. तेव्हा आज रात्रीच बसून एका कागदावर तारखा लिहा: काढा कधी सुरू, किती, कधी बंद, मध्ये आणखी काय दिलं. आमच्याकडे तो कागद नव्हता.

आणि आपण असे का फसतो? पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाचं धोक्याच्या आकलनावरचं काम वाचलं तेव्हा उलगडलं. जी गोष्ट आपल्याला आवडते तिचा फायदा जास्त वाटतो आणि धोका आपोआप कमी वाटतो. आजीच्या हातच्या काढ्याला धोक्याच्या यादीत घालायला मन तयारच होत नाही. त्यामुळे सासूबाईंवर चिडू नका, त्यांना दोषही देऊ नका.

एका कार्यालयाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नाव घेत नाही. हा त्रास कुठेतरी नोंदवावा म्हणून मी गेले. उत्तर मिळालं: कंपनी नाही, बॅच नंबर नाही, मग फॉर्म कसा भरणार? दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. अडीच महिने चकरा मारल्या. परसातल्या वेलीला बॅच नंबर कुठून आणायचा? नोंदच होत नसेल तर कुणाला कळणार किती घरांत हे घडतंय?

तुम्ही तिथे वेळ घालवू नका. औषधांच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा टोल-फ्री क्रमांक आहे, रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो, आणि बऱ्याच मेडिकल कॉलेजांत त्याचं नोंदणी केंद्र असतं. आधी तिथे विचारा.

आयुर्वेदावर माझा राग नाही. नंतर ज्या वैद्यांना भेटले त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "कुणी सांगितलं, किती, आणि किती दिवस?" हे तीन प्रश्न आम्हाला कुणी आधी विचारले नव्हते. जाता जाता, काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घरात असतील तर त्याही बाजूला ठेवा. त्यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातली चिमूटभर हळद वेगळी.

आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) वाढला असेल, सासूबाई गोंधळल्यासारखं बोलत असतील किंवा दिवसा झोपून रात्री जागत असतील तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच घेऊन जा. काढा बंद केल्यानंतरचा पहिला एसजीपीटी आला की इथे कळवा, मी रोज पाहीन.