रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या नेपाळी खलाशांवर फोटो आणि चित्रं करायची आहेत. ते गरिबीचं प्रदर्शन होऊ नये म्हणून काय करावं?

मी रत्नागिरीत राहतो, चित्रं काढतो, फोटोही काढतो. माझं म्हणणं एवढंच, की तुमचा फोटो सगळ्यात आधी कोणी बघायचा ते ठरवा. प्रदर्शनाला येणाऱ्या माणसाआधी तो खलाशाच्या गावाकडच्या माणसांनी बघायचा, असं ठरवलंत तर काय काढायचं आणि काय नाही, हे बरंचसं तिथेच ठरतं.

माझे आजोबा गिरणीत होते. त्यांचा तरुणपणीचा एकच फोटो घरात आहे, परळच्या स्टुडिओतला. अंगातला कोट स्टुडिओवाल्याचा. खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची, ते त्यांना आजीला दाखवायचं नव्हतं. जेट्टीवरची पोरंही केस नीट करून बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभी राहतात आणि मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवतात. आधी तोच फोटो चांगला काढून द्या.

मग कामाजवळ बसा. जाळं सांधणारा माणूस जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरतो. एका हातात सुई, दुसऱ्या हाताची बोटं फाटलेले आस, म्हणजे जाळ्याची भोकं, चाचपतात. अंगठ्याला दोऱ्याची खाच पडलेली असते. त्या पायात त्याचं सगळं कसब दिसतं.

नाव विचारल्याशिवाय चेहरा घेऊ नका. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने 1936 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला 'मायग्रंट मदर' हा एका स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, पण लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना 1978 मध्ये कळलं. आपला फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. मला तो फोटो फार मोठा वाटतो, आणि त्यांची तक्रारही तितकीच खरी वाटते.

जिथे चेहरा दाखवणं धोक्याचं, तिथे चित्र काढा. उचल घेतलेला माणूस हिशेबाबद्दल बोलला आणि फोटोत ओळखू आला, तर निस्तरावं त्यालाच लागतं. हापूसच्या बागेतल्या राखणदाराची मांगरातली, म्हणजे बागेतल्या खोपटातली, रात्रही चित्रातच जास्त खरी उतरेल. अमेरिकन चित्रकार जेकब लॉरेन्सची 1940-41 मधली 60 चित्रांची मालिका जरूर बघा. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत त्यात. त्याने आधी मजकूर लिहिला, मग सगळे फलक मांडून एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला. म्हणून ती माणसं एकाच प्रवासातली वाटतात. आपल्याकडे सुधीर पटवर्धनांची कामगारांची चित्रं बघा. ठाण्यात रेडिओलॉजिस्टचं काम करताकरता त्यांनी ती रंगवली.

चित्राखालचा मजकूर त्या माणसाच्या बोलण्यातला असू द्या, मराठीत आणि नेपाळीत. लिपी एकच असल्याने त्यांतल्या कित्येकांना तो स्वतः वाचता येईल. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि बरेच जण गावी जातात. त्यामुळे प्रदर्शन मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरका, शक्यतो बंदरातच, म्हणजे प्रत्येकाला आपापली प्रिंट गावी नेता येईल.