पोराला खरं सांगू का?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. चैत्रात माझ्या धाकट्या दिरानं आत्महत्या केली. गावात आम्ही हार्ट अटॅक आला म्हणून सांगितलं. सासूबाई उठता-बसता जावेला विचारतात, "त्या दिवशी तू काय बोललीस त्याला?" ती कुणाशी बोलेना, जेवण नावाला. तिचा नऊ वर्षांचा मुलगा मला विचारतो, "मोठी आई, बाबांना काय झालं होतं?" काय सांगू?

उत्तर : आधी पोराचं बघू. त्याला खरं सांगा. आज ना उद्या शाळेत नाहीतर नळावर त्याच्या कानावर पडणारच, तेही वेड्यावाकड्या शब्दांत. वर घरच्यांनीच आपल्याला फसवलं हे लागेल ते वेगळंच. त्याच्या आईची तयारी असेल तर तिनंच सांगावं, तुम्ही शेजारी बसा. "बाबांच्या मनाला फार त्रास होत होता. त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला." एवढं पुरे. कसं, कुठं, हे नको. "बाबा झोपलेत" असंही म्हणू नका, पोरं मग झोपायला भितात.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. बाप असाच गेलेल्या एका मुलानं मला हळूच विचारलं होतं, "मी सायकल मागितली म्हणून का?" घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. म्हणून तुमच्या पोरानं विचारायची वाट न बघता सांगा, की यात तुझी चूक नाही, आईचीही नाही. तो तेच पुन्हा पुन्हा विचारेल. तुम्हीही तेच उत्तर द्या. गावाला काय सांगायचं ते मात्र जावेला ठरवू दे. गावाला हिशेब द्यायला ती बांधलेली नाही.

जावेला उपदेश नको. दिवसकार्य झालं की माणसं यायची थांबतात आणि कागद सुरू होतात. पोलिसांचा यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, सगळं कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्या बाईला आपल्याच नवऱ्याबद्दल काय लिहिलंय ते परक्याकडून वाचून घ्यावं लागतं. कन्नड येणारं घरचंच कुणीतरी बरोबर द्या. आधी विचारा, "सगळं वाचू का, कामापुरतंच?"

आणि एकदा स्पष्ट विचारा, "तुझ्याही मनात जीव द्यायचं येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, शेतातली औषधं कुलपात घाला, किल्ली तुमच्याकडे ठेवा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट आहे. मराठीत बोलायचं म्हणून सांगा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉक्टर भेटतील. पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळणारी घरं मी पुष्कळ पाहिलीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस, वेगळं सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालत नाही. मनात तसं आलं म्हणून तर गुन्हा होतच नाही.

सासूबाईंचा मुलगा गेलाय, हे त्यांच्या टोचण्यात आपण विसरतो. त्यांना वेगळं बसवून तो लहानपणी कसा होता ते विचारा, बोलू द्या. एखाद्या दिवसाच्या बोलण्यानं कुणी जीव देत नाही, आत बरंच साठलेलं असतं, हेही तेव्हाच सांगा. पण चारचौघांत त्यांनी पुन्हा तो प्रश्न काढला तर उत्तर तुम्ही द्या. थोरली म्हणून तुमचं ऐकतील.