विषय आवरा, मग जाहिराती मोजा

प्रश्न : एम.ए. जनसंवादच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'समाजमाध्यमांचा मतदारांवरील प्रभाव' हा लघुप्रबंधाचा विषय गाइडनी परत पाठवला. २०२४च्या विधानसभा निवडणुकीतल्या फेसबुक जाहिराती घेतल्या तर? चार महिने हातात आहेत.

उत्तर : घ्या, पण आधी 'प्रभाव' खोडा. जाहिरातींवरून कोण काय बोललं एवढंच कळतं, मतदाराचं मन वळलं का ते नाही. मॅककॉम्ब्ज आणि शॉ या अमेरिकी संशोधकांनी १९६८मध्ये चॅपल हिल या तिथल्या गावात बातम्या तर मोजल्याच, शिवाय मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांच्या मुलाखती घेतल्या. चार महिन्यांत एकटीने दोन्ही जमणार नाही.

कालावधी १५ ऑक्टोबर (आचारसंहिता) ते १८ नोव्हेंबर (प्रचार संपला) एवढाच धरा. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या अ‍ॅड लायब्ररीत (जाहिरातींच्या खुल्या संग्रहात) राजकीय जाहिराती सात वर्षं राहतात. शोधताना मात्र शुद्धलेखनाचा हट्ट सोडा. 'लाडकी बहीण' टाकलंत तर 'बहिण' लिहिणारे निसटतील आणि रोमन लिपीतले तर नक्कीच. तिन्ही शोध वेगवेगळे करा, मग दुबार नोंदी काढा. खर्च नेमका दिसत नाही. 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा दिसतो. मधला आकडा धरून बेरीज मारू नका, खालची आणि वरची बेरीज वेगळी द्या. पैसे कोणी दिले त्या नावाला स्वतंत्र रकाना हवा, कारण पक्षाच्या अधिकृत पानाबाहेरूनही प्रचार चालतो.

खरी गाडी अडते कोडिंगला, म्हणजे प्रत्येक जाहिरात कुठल्या प्रकारात मोडते याची खूण करताना. 'गद्दारांना धडा शिकवा' किंवा 'फेक नॅरेटिव्हला भुलू नका' यात कुणाचं नाव नाही. मग ही टीका धरायची का? नियम आधी लिहा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १५० जाहिराती पुरेत; त्यातल्या ३० मैत्रिणीकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या. दोघींचं ८२ टक्के जुळलं म्हणून खूश होऊ नका. १०० पैकी ९० जाहिरातींत टीका नसेल, तर त्याच प्रमाणात डोळे मिटून खुणा करणाऱ्या दोघी सरासरी ८२ वेळा जुळतातच. म्हणून क्रिपेनडॉर्फचा अल्फा काढा; योगायोगाने होणारी जुळणी वगळून खरं एकमत किती, ते हा आकडा सांगतो. ०.८०च्या वर उत्तम; ०.६६७च्या खाली गेला तर व्याख्या दुरुस्त करून नव्या ३० जाहिरातींवर पुन्हा तपासा. जुन्याच ३० घेतल्या तर आठवणीनेच जुळतील.

प्रश्न : पदवी राज्यशास्त्राची. राजकीय संवादासाठी एम.ए. राज्यशास्त्रात करू की जनसंवादात?

उत्तर : पुढे शिकवायचं असेल तर नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेकडे बघून ठरवा. तिथे हे दोन वेगळे विषय आहेत आणि साधारणपणे एम.ए.चाच विषय घ्यावा लागतो. खुल्या प्रवर्गाला एम.ए.त ५५ टक्के हवेत. शिकवायचं नसेल तर अभ्यासक्रम मागवा आणि संशोधनपद्धतीच्या पेपरात संख्याशास्त्र आहे का ते पाहा. नसेल तिथे वरच्या अल्फाशी झुंज तुमची तुम्हालाच द्यावी लागेल.