भारतात डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) ८८ लाख पेशंट आहेत म्हणतात, हा आकडा इथलाच आहे का?

हो, इथल्याच लोकांना तपासून काढलेला अंदाज आहे. दिल्लीचं एम्स आणि अमेरिकेतली युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया यांच्या लासी-डॅड नावाच्या अभ्यासात ६० च्या पुढच्या ४,०९६ जणांच्या स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या टेस्ट झाल्या, घरच्यांनाही विचारलं, त्यावरून साठीपुढच्यांत प्रमाण ७.४ टक्के निघालं, बायकांमध्ये आणि खेड्यांत जास्त. टेस्टचा साचा अमेरिका, इंग्लंड, मेक्सिकोत वापरतात तोच, म्हणून तुलना करता येते, पण इथे तो लिहितावाचता न येणाऱ्यांसाठी बदलून घेतला आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण शाळेत न गेलेल्या आजीला उगाच आजारी ठरवणं फार वाईट. फक्त, ही ८८ लाख नावं दवाखान्यांच्या नोंदीतली नाहीत, त्यातल्या कितीतरी जणांचं निदानच झालेलं नाही.