शब्दांविना ब्लूज: फ्रेडी किंगपासून सुरुवात कर

अरे, गायनाशिवाय ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) ऐकायचाय ना? मग गिटारवादक फ्रेडी किंगचा 1961 चा ‘लेट्स हाइड अवे अँड डान्स अवे’ हा अल्बम घे. लोकांची मतं वाचून मात्र बिचकू नकोस. “सगळं एकसारखंच वाटतं” म्हणणारे भेटतीलच, आणि ते अगदीच चुकीचे नाहीत. नाचासाठी केलेले छोटे छोटे तुकडे आहेत. बाराही एका बैठकीत लावले तर मलाही कंटाळा येतो.

रोज दोनच ऐक. त्यातला ‘हाइड अवे’ आधी नुसता पायाने ठेका धरून, मग बारा बार (चार ठोक्यांचा एक बार, बारा झाले की एक फेरी) मोजत. दर फेरीला तो नवं काहीतरी काढतो, आणि मध्येच बँड फक्त ठोके देत थांबतो, तिथे गिटार एकटी बोलते. अंगठ्याला प्लॅस्टिकचं आणि तर्जनीला धातूचं पिक (तार छेडायची नखी) लावून वाजवायचा पठ्ठ्या, म्हणून सुराला ती धार.

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 1966 मध्ये हेच ‘हाइड अवे’ वाजवलं, तेही लगेच लाव. बहुतेक पोरांना त्याच्या गिटारचा जाड, फाटका आवाज आवडतो. मी किंगच्या बाजूने. तुझं काय ते महिन्याभराने सांग, आत्ता नको.