कोन फिल्टर लावू का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, पुण्यात रोज चालवतो. ॲक्सेसरीवाला म्हणतोय कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) टाक, पिकअप जबरदस्त वाढेल. टाकू का?

उत्तर : पिकअप नाही रे, आवाज वाढेल! कंपनीचा एअरबॉक्स पुढच्या बाजूने बाहेरची थंड हवा ओढतो, आणि उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, गरम हवा विरळ म्हणजे ऑक्सिजन कमी, मग एप्रिलच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उलट मंद वाटते. लांब पाइपवाला कोल्ड एअर किट असतो पण त्याचा फिल्टर बऱ्याचदा बंपरमागे खाली बसतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर किती पाणी तुंबतं ते तुला सांगायला नको. ते पाणी सिलिंडरमध्ये गेलं की दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉडच वाकतो, मग इंजिनकामाचं बिल बघ.

हौसच असेल तर त्याच बॉक्समध्ये बसणारा धुता येणारा कॉटन पॅनल फिल्टर (सपाट, कापडी फिल्टर) घे. पॉवरमध्ये फार फरक पडणार नाही, हे आधीच सांगतो. बसवणं सोपं, इंजिन गार झाल्यावर क्लिपा काढ, आतली धूळ पूस, रबराची कड नीट बसव, कारण फट राहिली तर धूळ थेट आत. धुतल्यावर पूर्ण वाळू दे, फिल्टरचं तेल अगदी बेताने लाव, जास्त झालं की एअरफ्लो सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) चिकटतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो (माझ्या गाडीत लागला होता, सेन्सर क्लीनरने साफ केला तेव्हा विझला). वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचार.